आज कोणाचा वार?

सकर्मक आणि अकर्मक क्रियापदे शिकवताना मी 'पिणे' हे क्रियापद हमखास घेते. 'पिणे' सकर्मक आहे. पिणारा कोण ते सांगितले की तो काय पितो तेही सांगावे लागते. मूल दूध पिते, वासरू पाणी पिते, पाहुणे चहा पितात. पण फळ्यावर नुसते 'तो पितो' एवढेच लिहिले की शेवटच्या बाकावर हसू फुटते. कर्म सांगितलेले नसते आणि तरी ते साऱ्या वर्गाला कळलेले असते. मराठी माणसाने या वाक्यातून 'दारू' हा शब्द इतक्या सफाईने उचलून नेला आहे की तिथली जागा रिकामी आहे हेसुद्धा कोणाच्या ध्यानात येत नाही. जोडीला 'घेणे' आहे, 'बसणे' आहे. 'ते कधीमधी बसतात' या वाक्याचा अर्थ एखाद्या परदेशी विद्यार्थ्याला समजावून सांगायची वेळ आली, तर माझी त्रेधाच उडेल. कधीमधी कोण बसत नाही?

आमच्या घरी तर 'पितात' असेही कोणी म्हणत नसे. आमच्या घरी वडिलांना 'बरे नसे'. पगाराच्या दिवशी त्यांना हटकून बरे नसे. होळीला नसे, कचेरीतल्या कोणाची बदली झाली की नसे, आणि पुढेपुढे तर बरे असण्याचेच दिवस मोजावे लागत. आई रात्री फाटकाच्या कडीचा आवाज ऐकत बसे. कडी एकदाच वाजून लागली तर ठीक; दोनदा चुकून तिसऱ्यांदा लागली की आज बरे नाही, हे मला आणि धाकट्या भावाला अंथरुणातूनच कळे. वडील स्वभावाने वाईट नव्हते. अक्षर मोत्यासारखे होते. माझ्या वह्यांवर नावे तेच घालून देत. ते जिथे जात त्या जागेच्या दारावर जाड पडदा होता, काचा काळ्या होत्या, आणि वर 'परमिट रूम' अशी पाटी होती. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना घ्यायला लावला, आणि कायद्याच्या पुस्तकात तो परवाना आजही आहे. पाटीवरचे 'परमिट' ते तेच. वडील १९९८ साली गेले. 'काविळीने गेले' असे आम्ही सर्वांना सांगितले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

हे सारे आधी सांगून टाकले, कारण मला ज्याच्याविषयी लिहायचे आहे ते एक बिअरचे घर आहे, आणि तिथे मी आईला बरोबर घेऊन गेले होते.

धाकटा भाऊ जर्मनीत रेगेन्सबुर्ग या शहरी नोकरी करतो. बिअरच्या देशात इतकी वर्षे राहून त्याने थेंबाला स्पर्श केलेला नाही. २०२३च्या मे महिन्यात आई आणि मी त्याच्याकडे गेलो होतो. एके दिवशी तो म्हणाला, "ताई, माझ्या कचेरीतल्या मित्राच्या आईने आपल्याला शनिवारी घरी बोलावलं आहे. पण त्या घरात बिअर विकतात."

त्याने आईलाही ते सरळच सांगितले. नको असेल तर नको जाऊ या, म्हणाला. आई पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता तिने विचारले, "घर आहे म्हणालास ना?"

"हो. घरच आहे."

"मग घरी जायला काय झालं?"

रेगेन्सबुर्गहून उत्तरेकडे जाणारी गाडी वायडेन हे गाव मागे टाकून विंडिशएशेनबाख नावाच्या ठेसनावर उभी राहते. चेक सरहद्दीजवळचा हा डोंगराळ प्रदेश, याचे नाव ओबरफाल्ट्स. गावाची वस्ती पाच हजारांच्या आसपास. या गावाचे नाव जगाच्या शास्त्रज्ञांना ठाऊक आहे ते निराळ्याच कारणासाठी. पृथ्वीच्या पोटात काय आहे ते पाहण्यासाठी याच गावाच्या शिवारात त्यांनी ९,१०१ मीटर खोल भोक पाडले. १९९४ साली तळाशी उष्णता २६० अंशांच्या पुढे गेली, तेव्हा ते काम थांबले. गावकऱ्यांची तळघरे मात्र जिन्याच्या पंधरावीस पायऱ्यांइतकीच खोल आहेत. तिथे भर उन्हाळ्यातही गारवा असतो, आणि त्या गारव्यात जे मुरते त्याचे नाव चॉयगल.

हा 'च' चहातला नव्हे, चुलीतला. जर्मन लिपीतल्या शेवटच्या अक्षराचा उच्चार नेमका आपल्या चुलीतल्या चसारखा आहे. भाऊ सांगतो की त्याच्या परप्रांतीय सहकाऱ्यांची या अक्षराशी झटापट चालते, आणि मराठी माणूस पहिल्याच दिवशी ते बरोबर म्हणतो. चॉयगल या शब्दाचा अर्थ 'खूण'. ज्या घरी बिअर तयार असेल त्या घराने रस्त्यावर दिसेल अशी एक सहा कोनांची चांदणी काठीला टांगायची. दिवाळीत आपण आकाशकंदील टांगतो तशी. चांदणी दिसली की गावाने समजावे, या घरचे दार आज उघडे आहे. खुणेचेच नाव पुढे बिअरला पडले. पाटीवरून मालाला नाव पडावे याचा मला फार अचंबा वाटला. आमच्याकडे पडदा आणि काळ्या काचा. इथे खूण हेच नाव!

चांदणीतले दोन त्रिकोण कशाचे, तेही गावात कोणीही सांगते. एक त्रिकोण अग्नी, पाणी आणि वारा यांचा. दुसरा पाणी, माल्ट आणि हॉप्स यांचा. माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेले जव. बाळासाठी नाचणीचे सत्त्व केलेल्या कोणत्याही गृहिणीला ही कृती अर्धी येतेच. हॉप्स ही एका वेलीची फुले. कडवटपणा आणि टिकाऊपणा त्यांचा. आंबवणारे जे किण्व, त्याला मात्र चांदणीत कोन नाही. बव्हेरियाच्या राजवटीने १५१६ साली बिअर फक्त जव, हॉप्स आणि पाणी यांचीच करावी असा जो प्रसिद्ध नियम घातला, त्यातही किण्वाचे नाव नाही. ते दिसतच नव्हते, तर सांगणार कोण? लुई पाश्चरने बिअरवरचा आपला ग्रंथ १८७६ साली छापला, त्याच्या कितीतरी आधीपासून किण्वाचे काम चालूच होते. आपल्या आज्यांना जीवाणू ठाऊक नव्हते. पण विरजण संपले की शेजारच्या घरी वाटी घेऊन कोणाला पाठवायचे ते पक्के ठाऊक होते. इथेही किण्व संपले की शेजारच्या घरातून किंवा जवळच्या बिअरच्या कारखान्यातून आणतात.

मित्र आम्हाला आधी नॉयहाउसला घेऊन गेला. टेकडीवरचा हा जुना भाग आता विंडिशएशेनबाखमध्येच मोडतो. वर एक गढी आहे, खाली वाल्डनाब नदी वाहते. गढीच्या उंच गोल बुरुजाला लोक 'लोणी घुसळण्याच्या भांड्याचा बुरूज' म्हणतात, आणि तो दिसतोही तसाच. बिअर गाळण्याचा हक्क नॉयहाउसला १४१५ साली मिळाला, विंडिशएशेनबाखला १४५५ साली. हा हक्क माणसाला मिळालेला नाही, घराला मिळालेला आहे. घर विकले तर हक्क घराबरोबर जातो. घराघराची नावेही मालकाच्या आडनावाहून वेगळी असतात. आडनाव बदलते, घराचे नाव तेच राहते. मात्र घरोघरी भट्टी लावण्याची मुभा नाही. आगीचे भय मोठे, भांड्याचा खर्च मोठा. म्हणून साऱ्या गावाची मिळून एक भट्टी. ज्याची वेळ असेल त्याने माल्ट आणि लाकूड घेऊन यायचे, भांड्याचे भाडे भरायचे आणि आपले आपण शिजवायचे.

त्या दिवशी एका घराचे काम चालू होते. भट्टीच्या खोलीत शिरलो तो अंगावर वाफेचा लोट आला आणि आई दारातच थबकली. "अगं, हा तर गुऱ्हाळाचा वास!" ती म्हणाली.

खरोखरच गुऱ्हाळाचा वास होता. सांगली-कोल्हापूरकडे उसाचा रस काहिलीत उकळू लागला की जो गोड, जड, जरा करपलेला वास शिवारभर पसरतो, तोच. खाली लाकडे जळत होती, वर मोठ्या भांड्यात भिजवून गाळलेल्या माल्टचे गोड पाणी हॉप्सबरोबर उकळत होते, आणि एक साठीचा गृहस्थ मळकी विजार घालून आपल्या गुळव्यासारखा पुढ्यात उभा होता. एवढ्यात त्यात दारूचा अंशही नसतो. रात्री हे पाणी वरच्या मजल्यावरच्या एका पसरट, उथळ, उघड्या हौदात थंड होत पडते. सकाळी ज्याचे त्याने ते टाकीत भरून आपल्या घरी न्यायचे. तळघरात किण्व घालायचे, आठवडाभर आंबू द्यायचे, मग काही आठवडे गारव्यात मुरू द्यायचे. ना गाळण्याचे यंत्र, ना टिकवण्यासाठी उकळी.

मी विचारले, "भांडं एक, पाणी एक. मग सगळ्या घरांची चव एकच येत असेल."

मित्राच्या चेहऱ्यावरून माझा प्रश्न त्याला फारच बालिश वाटला असे दिसले. ज्याचे त्याचे प्रमाण वेगळे, तळघर वेगळे, धीर वेगळा. एका घरची दुसऱ्याला लागत नाही. मला आमच्या गल्लीतले कांडप आठवले. साऱ्या आळीचा मसाला त्याच यंत्रात कुटून निघतो, आणि तरी कोणत्या घरी आमटी उकळते आहे ते जिन्यातच ओळखता येते.

विंडिशएशेनबाख आणि नॉयहाउस मिळून आता दहा-बारा घरे हे काम करतात. पूर्वी पुष्कळ होती. खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. ही सारी घरे रोज उघडी नसतात. महिन्यातून एकदा, बहुधा शुक्रवारपासून सोमवारपर्यंत एक-दोन घरे उघडायची, बाकीची बंद. वर्षाच्या सुरुवातीलाच कोणाची केव्हा वेळ ते छापून निघते. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, तसा इथे सारा गावच वार लावून बसतो. आईला हे मी असेच समजावून सांगितले, आणि तिला ते लगेच पटले. "म्हणजे आज या बाईंचा वार," ती म्हणाली.

या बाईंच्या दारावर चांदणी टांगलेली होती. आत एक मोठी खोली, लांब लांब टेबले, बाके. एक टेबल एका कुटुंबाचे असे काही नाही. जागा दिसेल तिथे परक्याच्या शेजारी बसायचे. एका टोकाला पाच-सहा म्हातारे पत्ते खेळत होते. मध्ये एक तरुण जोडपे, त्यांची दोन मुले पावावर लोणी फासून खात होती. पाळण्यातले एक बाळही होते. मित्र पेले आणत होता, त्याची बायको आत ताटल्या लावत होती, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाई स्वतः दाराजवळच्या टेबलाशी उभ्या राहून पाव कापत होत्या. शिजवलेले फारसे काही नाही. पाव, थंड मांसाचे काप, आणि मऊ चीज लोण्याबरोबर कालवून त्यावर कांदा आणि लाल मिरपूड घातलेला एक पदार्थ. तो आईला आवडला. "ठेचा हवा होता जरा," एवढीच तिची तक्रार.

आईने आणि भावाने सोडावॉटर घातलेला सफरचंदाचा रस घेतला. मी चॉयगल मागितले. मागताना आईकडे पाहिले नाही, पण ती माझ्याकडे पाहते आहे हे मला कळत होते. पेला आला. रंग जुन्या मधासारखा, किंचित गढूळ. वर फेसाची साय. वास ताज्या पावाचा. चव आधी गोडसर, मग मागाहून कडवट.

"कडू आहे का?" आईने विचारले.

"थोडी."

"कारल्याइतकी?"

"नाही. मेथीइतकी."

यावर ती काही बोलली नाही. मी अर्धा पेला प्यायले आणि अर्धा ठेवला.

तेवढ्यात आईचे लक्ष टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या चकतीकडे गेले. दरेक पेल्यामागे मित्र त्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढत होता. रेघा मोजायच्या आणि जाताना पैसे द्यायचे. आमच्या लहानपणी दुधाच्या रतिबाच्या रेघा आई स्वयंपाकघराच्या दारामागे अशाच ओढत असे. ती रेघा पाहत राहिली. समोरच्या म्हाताऱ्यापुढे तीन होत्या, शेजारच्याच्या चार. कोणाच्या किती झाल्या ते साऱ्या टेबलाला दिसत होते.

गर्दी जरा ओसरली तेव्हा बाई आमच्याजवळ येऊन बसल्या. दोघी म्हाताऱ्या, मध्ये दुभाषा म्हणून भाऊ. आईचा पहिला प्रश्न होता, "पैसे कोणाच्या हातात असतात?" बाईंनी आपल्या एप्रनच्या खिशावर थाप मारून दाखवली. आईने मान डोलावली. मग ती जरा थांबली, आणि तिने दुसरा प्रश्न विचारला. भाऊ तो भाषांतर करायला तयार होईना. "विचार," आई म्हणाली. प्रश्न असा होता: "तुमच्यात कोणाला ही जास्त होत नाही का?"

मला वाटले, बाईंना राग येईल. बाई शांतपणे म्हणाल्या, "होते ना. माझ्या दिराला झाली." त्याचे लग्न मोडले, नोकरी गेली, दोनदा इस्पितळात ठेवावे लागले. आता अकरा वर्षे झाली, त्याने सोडली आहे. पण ज्या दिवशी आपल्या घरावर चांदणी लागते त्या दिवशी तो आपल्याकडे येत नाही. त्याला येता येत नाही. मंगळवारी चांदणी उतरली की येतो, आणि मग सारे एकत्र जेवतात. हे सांगताना बाईंनी आवाज खाली केला नाही. पत्ते खेळणाऱ्यांपैकी एकाने दिराचे नाव ऐकून वळून पाहिले, काहीतरी चांगले बोलला, आणि पुन्हा पत्ते पिसू लागला.

परतीच्या गाडीत आईने भावाला दोनदा विचारले, "ती हे सगळ्यांच्या देखत बोलली?"

मी या घराचे गोडवे गाते आहे असे कोणी समजू नये. जर्मनीतही दारूने घरे मोडतात. त्या बाईंचा दीर हाच पुरावा. चांदणी टांगली म्हणजे माणूस वाचतो असे नाही. आणि आपल्याकडे ज्या बायकांनी आडव्या बाटलीला मत देऊन गावातले दुकान बंद पाडले, त्यांनी ते सुखासुखी केलेले नाही. त्यांच्या रांगेत माझी आईही उभी राहिली असती. पुण्यामुंबईत आता जागच्या जागी बिअर गाळणारी झकपक दुकाने निघाली आहेत. पुण्यात पहिले २००९ साली निघाले. तिथल्या पेल्यात आणि त्या तळघरातल्या पेल्यात रसायनशास्त्राला फारसा फरक सापडणार नाही.

फरक मला दिसला तो पेल्याच्या बाहेरचा. त्या खोलीत बाळ होते, आजी होती, शेजारी होता, रेघा होत्या. तिथे एकट्याने पिणे अवघड होते. आणि दार उघडण्याचा जसा दिवस ठरलेला, तसा बंद करण्याचाही ठरलेला. चार दिवस धंदा, मग चांदणी उतरवायची आणि गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या स्वाधीन करायचे. दर आठवड्याला उघडले तर चौपट पैसा येईल हे न कळण्याइतका तो मित्र भोळा नाही. तो इंजिनिअर आहे. "मग शेजाऱ्याने काय करायचं?" एवढेच तो म्हणाला. २०१८ साली या पद्धतीची नोंद जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाली. यादीत नाव आले म्हणून कोणी आठवड्याला उघडू लागले नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते.

वडील जात त्या पडद्याआड त्यांच्यासमोर रेघा कोण ओढीत होते? 'आता पुरे' म्हणणारे तिथे कोणी नव्हते, आणि घरी आम्ही 'बरे नाही' म्हणून गप्प होतो. डॉक्टरांनादेखील आम्ही नीट सांगितले नव्हते. त्या खोलीत बसून मला हे आठवत होते. आईला काय आठवत होते, ते मी विचारले नाही.

सांगलीला परतल्यावर शेजारच्या काकू भेटायला आल्या. काय काय पाहिलेत, म्हणाल्या. मला वाटले, आई डॅन्यूब नदी सांगेल, रेगेन्सबुर्गचा जुना दगडी पूल सांगेल. आईने सांगितले ते त्या बाईंचे घर. चांदणी सांगितली, गुऱ्हाळाचा वास सांगितला, एप्रनचा खिसा सांगितला, दीर सांगितला. आणि मग, जसे काही त्याच गोष्टीतले पुढचे असावे तसे, ती म्हणाली, "आमचे हे दारू पीत. त्यातच गेले ते." असे पूर्ण वाक्य मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकत होते.

काकूंनी चहाची कपबशी खाली ठेवली. "ठाऊक आहे हो वहिनी," त्या म्हणाल्या. "तेव्हाही ठाऊक होतं. पण तुम्हीच बोलत नव्हतात, मग आम्ही कसं बोलायचं?" आणि थोड्या वेळाने त्यांनी भाजणीचे प्रमाण विचारले, आणि दोघी चकल्यांकडे वळल्या.

भाऊ आता दर वर्षी त्या घरांच्या वारांचा छापील कागद पाठवतो. आमच्या स्वयंपाकघरात तो 'कालनिर्णय'च्या शेजारी टांगलेला असतो. आईला जर्मन येत नाही. पण तारखा कळतात, आणि त्या बाईंच्या घराच्या नावाचे पहिले अक्षर तिने पाठ केले आहे. परवा सकाळी कोथिंबीर निवडता निवडता ती कागदाकडे पाहून म्हणाली, "आजपासून बाईंचा वार लागला बरं का. चार दिवस आता तिच्या पायांना उसंत नाही."